वारीला कोणता कॅमेरा न्यावा? डी७५०, डी५०० की बाबांचा एफएम२?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्यापासून तरडगावपर्यंत चालायचं ठरलंय. ओळखीच्या दिंडीत नाव दिलं, रजा मंजूर झाली, नवीन चप्पल महिनाभर घालून रुळवून घेतली. घोडं अडलंय ते कॅमेऱ्यापाशी.

घरात तीन बॉडी आहेत. निकॉन डी७५०, फुल फ्रेम, माझ्याकडे सगळ्यात जास्त वर्षं असलेला. दुसरा डी५००, सेकंडहँड घेतला तो भिगवणच्या पक्ष्यांसाठी. सेकंदाला १० फ्रेम मारतो आणि उडता पक्षी एकदा धरला की सोडत नाही. तिसरा बाबांचा एफएम२, फिल्मचा. बाबांनी दिवे घाटात त्यावर पुष्कळ रोल संपवलेत. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण परवा तो कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवला होता.

लेन्स तीनच (आकडे एमएमचे): ३५ (१.८), लांबचं जवळ आणणारी ७०-३०० आणि बाबांची जुनी ५०, हाताने फोकस करायची.

माझा विचार असा की डी७५०वर ३५ आणि डी५००वर ७०-३०० लावून दोन्ही अंगावर घ्यायचे, म्हणजे वाटेत लेन्स बदलायला नको. पण वजन अडीच किलोच्या वर जातं. दोन्ही न्यावेत का? एकच न्यायचा तर कोणता? आणि एफएम२चं काय करू?

चौकट:
दोन्ही न्या. गेल्या वर्षी घाट चढताना सर आली आणि माझी एकुलती एक बॉडी बंद पडली. सासवडला पोचेपर्यंत चालू झाली नाही. सगळा घाट माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि हाती एक फोटो नाही. ती चुटपुट अजून जात नाही. डी७५० आणि डी५००ला बॅटरी एकच लागते, तेव्हा चार्जर एकच पुरेल. वजनाचं म्हणाल तर दोन खांद्यांवर फिरता पट्टा लावा.

अनवाणी:
मी या पालखीत नऊ वर्षं चालतेय, त्यातली सहा कॅमेरा घेऊन. चौकट यांचं दुःख समजू शकते, तरी माझं मत वेगळं आहे.

दुसरी बॉडी घ्यायची की नाही हे ठरवताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. पहिली बॉडी ज्या तासाला कामात आहे, त्याच तासाला दुसरीला तिला न जमणारं काम आहे का? तुमच्या वाटेवर ते तास मोजून बघू.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. पहाटे निघालात की हडपसरपर्यंत गर्दी इतकी असते की समोरच्या बाईच्या डोक्यावरची तुळस तुमच्या कोपराला लागते. तिथे ७०-३०० कुठे रोखणार? पिशवीतच राहील. दिवे घाटात कठड्यावर उभं राहून खालची वळणं आणि पताका घ्यायच्या तर लांबची लेन्स उपयोगी, हे खरं. पण तो फोटो चढावर थांबलेल्या माणसाचा असतो. तुम्ही दिंडीत नाव दिलंय. तुम्ही थांबलात तर दिंडी पुढे जाते, आणि चढावर दिंडी गाठायला धावणं काय असतं ते मी अंगावर घेतलंय. दिंडीतून दिसतं ते शेजारच्याचं: मृदुंगाची ओली वादी, टाळाला गुंडाळलेली चिंधी, म्हातारीच्या पायाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी. हे सगळं ३५चं काम आहे.

संध्याकाळी तळावर समाजआरती. चोपदारांनी चोप (हातातला दंड) उंच केला की एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. दिवसातला मला सगळ्यात जपावासा वाटणारा तास हा. उजेड उतरलेला असतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४००च्या पुढे जातो, आणि तिथे फुल फ्रेमचा मोठा सेन्सर डी५००पेक्षा उघड उघड चांगला पडतो. त्या शांततेत शटरचा आवाज चार माणसांना मान वळवायला लावतो. कॅमेरा 'क्वाएट'वर ठेवा आणि एकेकच फ्रेम घ्या. सेकंदाला १० फ्रेम मारण्याची ती जागा नव्हे.

राहिलं रिंगण. तुम्ही तरडगावपर्यंतच येताय, म्हणजे चांदोबाचा लिंब इथलं पहिलं उभं रिंगण तुम्हाला मिळेल. गोल रिंगण पुढे, पुरंदवड्याला. हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गोल रिंगणात तुम्ही कडेला आणि अश्व लांब, तिथे डी५०० आणि ७०-३०० हवंच. उभ्या रिंगणात दिंड्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने आधी स्वाराचा, मग माउलींचा अश्व धावतो. तो तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातो. ३०० एमएमला नुसता पोटाचा तुकडा मिळेल. अश्व गेल्यावर माणसं वाकतात, टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. तो फोटो हवा असेल तर कॅमेरा खाली, कमरेच्याही खाली न्यावा लागतो. डी७५०चा वर उचलता येणारा मागचा पडदा (स्क्रीन) त्यासाठीच आहे.

म्हणून डी७५० आणि ३५. अंगावर एवढंच.

चौकट यांचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. प्रत्येक दिंडीला सामानाचा ट्रक असतो. डी५०० झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या घालून, ट्रकमध्ये ठेवा. ट्रक पुढच्या तळावर आधी पोचतो. डी७५० बिघडला तर संध्याकाळी दुसरी बॉडी हातात आहे. नाही बिघडला तर ते वजन आठवडाभर ट्रकने वाहिलं.

घाटमाथा:
ताई, मनापासून आभार. उभ्या आणि गोल रिंगणाचा कॅमेऱ्याच्या अंगाने मी विचारच केला नव्हता. डी५०० घ्यायचा हे मनात पक्कं होतं ते केवळ 'घोडे धावणार' म्हणून.

नीराकाठ:
यात आणखी एक बाजू आहे, बोटांची.

डी५००ला आयएसओचं बटण शटरच्या मागेच आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना उजव्या तर्जनीने ते दाबता येतं. डी७५०ला तेच बटण मागे, पडद्याच्या डाव्या बाजूला. म्हणजे डावा हात लेन्सखालून काढावा लागतो. डी७५०ला डाव्या खांद्यावर मोडची गोल चकती आहे, डी५००ला त्या जागी बटणांचा झुबका. दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी हाताला ते दोन वेगळे कॅमेरे आहेत. दोन्ही अंगावर घेऊन घाईने आलटून पालटून वापरले की बोट हमखास चुकतं. घरी बसून ही गोष्ट किरकोळ वाटते.

कार्डांचंही तेच. डी७५०ला दोन एसडी. डी५००ला एक एसडी, एक एक्सक्यूडी. एक्सक्यूडीला वेगळा रीडर लागतो. राहुटीत रात्री बॅटरीच्या उजेडात मोबाइलमध्ये फोटो उतरवताना जितके प्रकार कमी तितकं बरं. डी७५०मध्ये दोन्ही खाचांत कार्ड घाला आणि दुसरं 'बॅकअप'वर ठेवा.

घाटमाथा:
बोटांचं माझ्या बाबतीत घडून गेलंय. भिगवणला सकाळी होडीत दोन्ही होते. मी तासभर डी५००वर रोहित काढत होतो. उजेड एकदम चढला, नावाड्याचा चेहरा सुंदर उजळला म्हणून डी७५० उचलला. आयएसओ उतरवायला तर्जनी शटरमागे गेली, तिथे डी७५०ला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण. चाक फिरवलं, फ्रेम गडद व्हायच्या ऐवजी जळाली. दुरुस्त करेपर्यंत नावाड्याने वल्ह्याकडे मान फिरवली होती.

त्या दिवशी मी स्वतःलाच दोष दिला होता. एका वेळी एकच कॅमेरा हातात असायला हवा होता, हे आता कळतंय.

नीराकाठ:
अगदी. आता निघायच्या आधी १५ दिवस डी५००ला हात लावू नका. रोज अर्धा तास डी७५० आणि ३५ घेऊन बाजारात जा. हात बसला पाहिजे. आयएसओ ऑटोवर टाका, किमान शटर १/२५० आणि कमाल आयएसओ ६४०० बांधून द्या, म्हणजे ते डावीकडचं बटण शोधायची वेळच येणार नाही. आरतीच्या वेळी तेवढं शटर १/६० करा.

जुना रोल:
एफएम२बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे हा कॅमेरा १९८७पासून आहे.

बॅटरी संपली तरी तो चालतो, फक्त मीटर बंद पडतं. शटर १/४००० पर्यंत सगळं यांत्रिक. वारीसारख्या ठिकाणी हा मोठा भरवसा. तरी नेण्याआधी एक करा. मागचं दार उघडा आणि दार जिथे बसतं त्या बारीक खाचेत काडीने फोमचा पट्टा दाबून बघा. काळा चिकट डांबरासारखा लगदा काडीला लागला तर फोम सडलाय. उजेड आत शिरेल आणि ३६च्या ३६ फ्रेमवर केशरी पट्टे येतील. तुम्हाला ते घरी येऊन रोल धुतल्यावरच कळेल.

फोम चांगला असेल तरी माझा सल्ला असा: डी७५० बरोबर असताना एफएम२ नेऊ नका. मी नेऊन बघितलंय. चांगलं काही दिसलं की 'हे फिल्मवर घेऊ की त्यावर' या विचारात क्षण जातो. दोघांपैकी एकालाही पूर्ण न्याय मिळत नाही. एफएम२ने वारी करायची तर एखाद्या वर्षी फक्त तोच घ्या, दहा रोल घ्या.

बाबांची ५० मात्र जरूर न्या. जुनी एआय किंवा एआय-एस (निकॉनच्या जुन्या लेन्सचे प्रकार) असेल तर डी७५०वर नीट बसते. सेटअप मेनूमध्ये 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' आहे, तिथे ५० आणि १.८ भरा. मीटर चालेल, अॅपर्चर लेन्सच्या कड्याने. फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका स्थिर होतो. खिशात मावते, मुक्कामावर निवांत चेहरे काढायला तिच्यासारखी लेन्स नाही.

घाटमाथा:
काका, तुमचं वाचून लगेच दार उघडलं. काडीचं टोक काळं झालं, बोटाला लागलेलं रॉकेलनेच निघालं. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा लावून खाच बघितली आणि म्हणाले, "हा फोम मीच एकदा बदलून घेतला होता." कॅमेरा दुरुस्तीला दिला.

तर ठरलं. अंगावर डी७५० आणि ३५. खिशात बाबांची ५०. डी५०० ट्रकमध्ये, डब्यात. ७०-३०० घरी.

अनवाणी:
छान. एक राहिलं. जेजुरीला ३५ काढून ५० लावायचा मोह झाला तरी लावू नका. पालखीवर भंडारा उधळतात आणि तो हवेत बराच वेळ राहतो. माउंट उघडला की हळद सेन्सरवर. सकाळी राहुटीत जी लेन्स लावाल तीच रात्रीपर्यंत.

घाटमाथा:
मंडळी, परत आलो. पाय सुजलेत, मन भरलंय.

डी५०० ट्रकमधून एकदाही काढला नाही. नीरेला पादुकांच्या स्नानाच्या वेळी एकदा लांबच्या लेन्सची आठवण झाली, गर्दीपलीकडे काही दिसत नव्हतं. तेवढंच. डी७५०वर पाचव्या दिवशी बोटं आपोआप जात होती.

लिंबाला ताई म्हणाल्या तसंच घडलं. अश्व गेला आणि माझ्यापुढचे आजोबा वाकले. मी पडदा वर उचलून कॅमेरा गुडघ्यापाशी नेला. त्यांची पाच बोटं मातीत, नखांत वर्षानुवर्षांचं शेत, मागे धुरळ्यात अश्वाची शेपटी. एकच फ्रेम नीट आली. बाबांना ती दाखवली. त्यांनी मोबाइल हातात घेऊन मोठी केली आणि विचारलं, "कुठली लेन्स?" ३५ म्हटल्यावर म्हणाले, "मी पन्नासने कायम थोडा मागे राहिलो."

पुढच्या वर्षी एफएम२ दुरुस्त झालेला असेल. तोच एकटा न्यायचा विचार आहे, त्याबद्दल वेगळा धागा काढेन.

आता एक अडचण. लेन्स उघडली नव्हती, तरी जेजुरीचा भंडारा ३५च्या फोकसच्या कड्याच्या खाचांत बसलाय. ओल्या कापडाने पुसू का?

अनवाणी:
ओलं अजिबात लावू नका, हळदीचा डाग धरेल. लेन्स कॅमेऱ्यावरच राहू दे, दोन्ही उलटे धरा. रबरी पंपाने हवा मारा, मग कोरड्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने झाडा. आडवा ब्रश मारलात तर पूड आत ढकलली जाते. थोडी पिवळी रेघ राहीलच. माझ्या लेन्सला सहा वर्षांपूर्वीची आहे.