प्रति: भाचीसाठी डेटा सायन्सचा क्लास की जावा?

तुमची भाची इंदूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि भंवरकुआंच्या क्लासची फी भरावी का, असं विचारलंत. थोडं थांबा. आधी तीन महिने तिला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, करू दे. डेटा, बॅकएंड, टेस्टिंग, कुठेही गेली तरी ते लागतंच.

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो. ग्राहक आणि ऑर्डर अशी दोन टेबलं करून लाखभर ओळी भरायच्या. मग लेफ्ट जॉइनने (दुसऱ्या टेबलात जुळणी नसली तरी पहिल्यातली प्रत्येक ओळ ठेवणारी जोडणी) प्रत्येक ग्राहकाच्या या महिन्यातल्या ऑर्डर मोजायच्या, शून्यवालेही धरून. मुलं हमखास अडकतात ती इथे. तारखेची अट वेअरमध्ये (जोडणीनंतरच्या गाळणीत) टाकली की ऑर्डर नसलेल्याची तारीख नल, म्हणजे रिकामी, असल्याने तो ग्राहकच गळतो. अट ऑनमध्ये (जोडणीच्याच अटीत) हवी, आणि मोजायचा ऑर्डरचा आयडी. काउंट स्टार केलं, म्हणजे नुसत्या ओळी मोजल्या, तर शून्याच्या जागी एक येतो. यात तासन्‌तास रमली तर डेटा इंजिनिअरिंगकडे वळवा, नाहीतर जावा आणि त्यावरचं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क उत्तम.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून. पासवर्ड चुकून कमिट झाला, म्हणजे त्या नोंदीत गेला, तर फाइल पुसूनही तो इतिहासात राहतो, म्हणून लगेच बदलायचा.

सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएसचं स्वप्न असेल तर एनक्यूटीसाठी, म्हणजे त्यांच्या भरती परीक्षेसाठी, गणित आणि तर्काचा सराव वेगळा करावा लागेल.