डाऊनटाऊनला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका:
अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या डाऊनटाऊनची तुलना करून त्यांना क्रमांक देणारा एक लेख मराठीत करायला घेतलाय. न्यूयॉर्क पहिलं, शिकागो दुसरं, मग बॉस्टन, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को. लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन पार खाली. 'शहराचा मध्यवर्ती भाग' असं लिहीत सुटले होते, तेवढ्यात न्यूयॉर्कच्या परिच्छेदात मिडटाऊन आलं आणि घोडं अडलं. मिडटाऊन जर मध्य, तर डाऊनटाऊन काय? संपादकांना इंग्रजी शब्द नको आहे. शब्द सुचवा, आणि तुमच्या शहरात लोक प्रत्यक्षात काय म्हणतात तेही सांगा.

जर्सी सिटीकर:
घोडं बरोबर जागी अडलंय, कारण शब्द जन्मला तिथेच. मॅनहॅटन हे लांबट बेट. डच लोकांची पहिली वसाहत त्याच्या दक्षिण टोकाला. दोन्ही बाजूंना नद्या, त्यामुळे शहर वाढायचं तर उत्तरेकडेच. १८११ साली उत्तरेच्या मोकळ्या जमिनीवर आडव्या-उभ्या रस्त्यांची आखणी झाली, घरं वर सरकत गेली, धंदा मात्र खालच्या टोकाला राहिला. म्हणून कामाला जायचं ते 'खाली'. बाकीच्या शहरांनी हा शब्द उचलला तेव्हा दिशा गळून पडली आणि 'कामधंद्याची जागा' एवढाच अर्थ उरला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र दिशा अजून जिवंत आहे. सबवेच्या पाटीवर 'डाऊनटाऊन' म्हणजे दक्षिणेकडे जाणारी गाडी. तुम्ही उत्तरेच्या हार्लेममध्ये उभे असाल तर टाइम्स स्क्वेअरला जायलाही डाऊनटाऊनचीच गाडी धरायची, आणि टाइम्स स्क्वेअर काही डाऊनटाऊनमध्ये नाही. आमच्याकडून नदीखालून जाणाऱ्या 'पाथ' रेल्वेच्या गाड्या मॅनहॅटनमध्ये दोन ठिकाणी जातात, एक वर्ल्ड ट्रेड सेंटरला, दुसरी ३३व्या रस्त्याला. पहिलं डाऊनटाऊन, दुसरं मिडटाऊन, आणि ऑफिस कुठे यावर घर कुठल्या स्टेशनाजवळ घ्यायचं ते ठरतं. ग्रँड सेंट्रल आणि पेन ही दोन मोठी स्टेशनं मिडटाऊनमध्ये आल्यावर ऑफिसंही तिकडे गेली. आज देशातला सगळ्यात मोठा ऑफिसांचा भाग मिडटाऊनच.

तेव्हा तुमच्या लेखकाला आधी विचारा, पहिला क्रमांक कोणाला दिलाय? वॉल स्ट्रीटच्या डाऊनटाऊनला की एम्पायर स्टेटच्या मिडटाऊनला? ऐंशी टक्के लोक यादी करताना मिडटाऊन मनात धरतात आणि नाव डाऊनटाऊनचं देतात. (ऐंशी टक्के हा माझा अंदाज, भांडू नका.)

लूपवाला:
म्हणूनच पहिला नंबर शिकागोचा. पक्षपाती आहे, मान्य. पण एकाच ठिकाणी ऑफिसं, कोर्ट, महापालिका, नाटकं, संग्रहालय आणि चालत पाच-दहा मिनिटांवर समुद्रासारखं तळं, असं दुसरीकडे दाखवा. न्यूयॉर्कमध्ये हेच सगळं दोन-तीन ठिकाणी विखुरलंय.

शब्दाचं म्हणाल तर इथे डाऊनटाऊनचं हृदय म्हणजे 'लूप'. डोक्यावरून धावणाऱ्या 'एल' गाड्यांच्या रुळांचं चौकोनी कडं १८९७ मध्ये पुरं झालं. त्याच्या आतला आणि आसपासचा भाग तो लूप. आता नदीपलीकडचा मिशिगन अॅव्हेन्यूही डाऊनटाऊनमध्येच धरतात, पण लूपमध्ये नाही. शहरातल्या पत्त्यांचा शून्य स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकात आहे. एका मैलाला ८०० आकडे. घर क्रमांक पाहिला की चौकापासून किती लांब ते कळतं. शहराचा मध्य इतका काटेकोर ठरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

१८७१च्या आगीत हा भाग खाक झाला आणि त्यानंतर इथे पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती आल्या. १८८५ची होम इन्शुरन्स बिल्डिंग दहाच मजल्यांची होती, आज त्याला कोणी उंच म्हणणार नाही. 'मेट्रा' या उपनगरी रेल्वेचे सगळे मार्ग डाऊनटाऊनला येऊन संपतात. नेपरव्हिलचा मराठी माणूस 'शिकागोला जाऊन आलो' म्हणतो तेव्हा तो डाऊनटाऊनलाच जाऊन आलेला असतो. शब्द वापरायची गरजच पडत नाही.

पेठेतला:
मराठीत शब्द नाही कसं? कोथरूडचा माणूस लक्ष्मी रोडला निघाला की 'गावात जाऊन येतो' म्हणतो. नागपुरात 'बर्डीला'. बोरिवलीचा माणूस 'टाऊनला' जातो, आणि गंमत बघा, दक्षिण मुंबईही चिंचोळ्या जमिनीच्या खालच्या टोकाला, शहर वाढलं ते उत्तरेला, आणि ऑफिसं पुढे सरकली बीकेसीकडे. मॅनहॅटनचाच हिशेब. मग सरळ 'टाऊन' लिहा की.

अनुवादिका:
'टाऊन' मुंबईबाहेर कळणार नाही. 'गावात' मला फार आवडतो, पण 'शिकागोचं गाव दुसऱ्या क्रमांकावर' असं छापून आलं तर संपादक मला गावात फिरू देणार नाहीत. 'पेठ' कसा वाटतो? किंवा 'मध्यवस्ती'?

ह्यूस्टनकर:
पेठ नको. पेठेत दुकानावर घर असतं, रात्री दहाला गॅलरीत माणूस असतो. अमेरिकन डाऊनटाऊनची विसाव्या शतकातली गोष्ट नेमकी उलटी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक महामार्गांवरून उपनगरांत गेले, मागोमाग दुकानं गेली, उरली ऑफिसं आणि पार्किंग. संध्याकाळी साडेपाचला सगळं सामसूम. 'वस्ती' म्हणावं तर वस्तीच नाही! डेट्रॉइट बघा. १९५० मध्ये शहरात साडेअठरा लाख माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. डाऊनटाऊन त्यानंतर बरंच सावरलं, पण सावरलं ते डाऊनटाऊन. शहर वेगळं आणि डाऊनटाऊन वेगळं.

आता आमच्या खालच्या क्रमांकाबद्दल. क्रमांक देणारे बहुधा उन्हाळ्यात दुपारी येतात, रस्त्यावर चिटपाखरू नाही असं लिहितात आणि निघून जातात. माणसं असतात हो, जमिनीखाली. इमारतींना जोडणारी सुमारे दहा किलोमीटरची भुयारं आहेत, खाणावळी, न्हावी, दवाखाने सगळं तिथे, थंडगार. शनिवार-रविवारी मात्र ती बहुतेक बंद. मिनीयापोलिसमध्ये हाच प्रकार थंडीसाठी आणि जमिनीच्या वर, पहिल्या मजल्यावरून काचेचे पूल. रस्त्यावरच्या वर्दळीवर गुण द्यायचे ठरवलं की या दोन्ही शहरांवर अन्याय होणारच.

तरी खरं सांगू? ह्यूस्टनचा क्रमांक खालीच हवा. कामधंदा एका जागी नाहीच: गॅलेरिया वेगळं, मेडिकल सेंटर वेगळं, तेल कंपन्यांचा पट्टा पश्चिमेला वेगळा. केटी उपनगरातल्या मराठी कुटुंबाला डाऊनटाऊन आठवतं ते ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं की, नाहीतर बेसबॉलच्या सामन्याला.

शार्लटकर:
कुणी आमचं नाव घेतलं नाही म्हणून. शार्लटला डाऊनटाऊन नाहीच, त्याच जागेला 'अपटाऊन' म्हणतात. ट्रायन आणि ट्रेड रस्त्यांचा चौक उंचवट्यावर आहे, त्यामुळे तिथे 'वर' जायचं. डॅलसचं अपटाऊन वेगळं, डाऊनटाऊनच्या उत्तरेचा भाग. ह्यूस्टनचं अपटाऊन म्हणजे गॅलेरिया, ते तर पश्चिमेला.

कोकणी माणूस:
आमच्याकडे वरची आळी, खालची आळी असते. त्यात शार्लट बसलं एकदम.

मिसिसिपीकाठचा:
न्यू ऑर्लिन्समध्ये वर-खाली नदीच्या प्रवाहावरून. कॅनॉल स्ट्रीटच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उलट, अपटाऊन. खालच्या अंगाला डाऊनटाऊन. जुना फ्रेंच क्वार्टर डाऊनटाऊनच्या बाजूला आला आणि उंच ऑफिसं कॅनॉलच्या अपटाऊनच्या बाजूला! त्या ऑफिसांच्या भागाला इथे सीबीडी, म्हणजे 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' म्हणतात. नवी मुंबईने हा शब्द मराठी करूनच टाकलाय, 'सीबीडीला उतरा' म्हटलं की रिक्षावालाही बेलापूरला नेतो.

लूपवाला:
फिलाडेल्फियाचं सोपं आहे. तिथले लोक 'सेंटर सिटी'च म्हणतात. विल्यम पेनने १६८२ मध्ये दोन नद्यांच्या मधे आखलेलं मूळ शहर म्हणजे सेंटर सिटी. तिथे 'मध्यशहर' हा शब्द जसाच्या तसा बसतो, आणि तिथे माणसं राहतातही. महापालिकेच्या मनोऱ्यावर पेनचा पुतळा आहे. त्याच्या टोपीच्या वर इमारत न्यायची नाही असा अलिखित संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला.

खाडीवाली:
नुसत्या इमारतींच्या उंचीवर क्रमांक लावणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून लिहितेय. वॉशिंग्टनमध्ये १९१० च्या कायद्याने उंचीवर मर्यादा आहे, म्हणून त्या डाऊनटाऊनचं वजन कमी झालं का? सॅन होजेची लोकसंख्या सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जास्त, पण विमानं डाऊनटाऊनच्या डोक्यावरून उतरतात, त्यामुळे इमारती ठेंगण्याच राहिल्या. लॉस एंजेलिसमध्ये १९५०च्या दशकापर्यंत महापालिकेची इमारत सोडून बाकीच्यांना साधारण ४५ मीटरचीच परवानगी होती; तोवर शहर चहूकडे पसरून गेलं होतं.

आमच्याकडे फ्रीमाँट-सनीव्हेलचे लोक सॅन फ्रान्सिस्कोला 'सिटी' म्हणतात. 'रविवारी सिटीत गेलो होतो.' कोविडनंतर त्या सिटीतल्या ऑफिसांची साधारण एक तृतीयांश जागा रिकामी पडली. लेख त्याआधीचा असेल तर क्रमांक शिळे आहेत, तारीख तपासा.

अनुवादिका:
तारीख तपासली, २०१८. संपादकांना टीप लिहावी लागणार.

शब्दाचं असं ठरवतेय: संपादकांना नको असला तरी 'डाऊनटाऊन' तसाच ठेवते, नपुंसकलिंगी. 'मध्यशहर' फक्त फिलाडेल्फियाच्या परिच्छेदात. लूप, अपटाऊन, मिडटाऊन ही त्या त्या शहरातली नावं न बदलता. आणि न्यूयॉर्कचा पहिला क्रमांक नेमका कशाला, हे लेखकाला आजच विचारते.

पेठेतला:
डाऊनटाऊन की डाउनटाउन?

अनुवादिका:
दीर्घ. आपण म्हणतानाही लांबवतोच.