हिरोशिमा शांती-स्मारक उद्यान: आई आणि आठ वर्षांच्या मुलीसह

पायवाट:
डिसेंबरअखेर ओसाकाहून एका दिवसात जाऊन यायचंय. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. संग्रहालय मुलीला झेपेल का? कागदी करकोचे नेतोय, ते कुठे ठेवायचे?

टपालगाडी:
जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) असेल तर शिन-ओसाकाहून 'साकुरा' ही बुलेट ट्रेन धरा, दीड तास लागतो. 'नोझोमी' या दुसऱ्या बुलेट ट्रेनला पासवर वेगळे पैसे पडतात, बरेच जण इथेच फसतात. बॅगा हिरोशिमा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. मग २ किंवा ६ नंबरची ट्राम, स्टॉप 'गेनबाकु डोमु-माए'. भाडं उतरताना द्यायचं.

उतरलात की समोरच अणुबॉम्बनंतर उरलेला तो पडका घुमट, पण रेंगाळू नका. संग्रहालय दक्षिण टोकाला आहे, आधी ते उरका. नंतर गर्दी वाढते. मोठ्यांना २०० येन, मुलीला फुकट. तिकीट ऑनलाइन काढा. आईंसाठी तिथेच चाकाची खुर्ची मागा.

चिंचगुळ:
आठ वर्षांच्या मुलीला मुख्य इमारतीत नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. भाजलेल्या माणसांचे फोटो, कोळसा झालेला जेवणाचा डबा, तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तिचाकी. दालनं एकापाठोपाठ एक, गर्दीत मधूनच मागे फिरणं जड जातं. आळीपाळीनं जा. बाहेर थांबणाऱ्यांसाठी मोतोयासु पुलाजवळचं रेस्ट हाऊस बरं: बसायला जागा, स्वच्छतागृह.

वास्तुविशारद केंझो तांगे यांनी बांधलेल्या, बॉम्बच्या बळींच्या स्मारक-कमानीसमोर अगदी मधोमध उभे राहा. तिच्यातून शांतिज्योत आणि मागे घुमट एका रेषेत दिसतात. दोन पावलं बाजूला सरकलात की रेषा मोडते.

नदीकाठचा गांधीजींचा अर्धपुतळा चुकवू नका. २०२३ साली बसवला, घडवला आपल्या धुळ्याकडच्या गोंदूरच्या शिल्पकार राम सुतारांनी.

घडीमोड:
करकोचे सादाकोच्या (बॉम्बच्या किरणोत्सर्गानं आजारी पडून गेलेली, करकोचे घडणारी मुलगी) स्मारकामागच्या काचेच्या कपाटांत टांगतात. सुटे नेऊ नका, माळ करा. साडेसात सेंटिमीटरचा चौकोनी कागद, एका माळेत २५. अशा ४० माळा म्हणजे हजार. सुई पोटाच्या भोकातून घालून पाठीच्या उंचवट्यातून काढा. खाली मणी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हवाच, नुसती गाठ भोकातून निसटते आणि अख्खी माळ ओघळते. वर टांगायला फास ठेवा. दोरा दुहेरी घ्या.

पायवाट:
३० तारीख ठरवत होतो.

टपालगाडी:
मग बदला. ३० आणि ३१ डिसेंबरला संग्रहालय बंद असतं. उद्यान उघडंच असतं.