बूट चुकीचे, मूल वर्गाबाहेर: शिक्षा नक्की कुणाला?

गोदाकाठचा पालक (धागाकर्ता)
गणवेश असावा की नसावा हा वाद मला घालायचा नाही. असावा. माझा मुद्दा शिक्षेचा आहे. पाचवीतल्या मुलाच्या पायात काळ्या बुटांऐवजी सँडल असली, किंवा स्वेटरवर शाळेचा लोगो नसला, म्हणून त्याला पहिला तास वर्गाबाहेर उभं करणं कोणत्या न्यायात बसतं? बूट काही मुलगा विकत घेत नाही. घरात पगार कधी झाला, दुकानात तो नंबर होता का, जुलैच्या झडीत एकुलता एक जोड वाळला का, यातलं काहीच त्याच्या हातात नाही.

नियमांचे दोन ढीग करावेत. पैशाने पाळायचे नियम: बूट, स्वेटर, हाउसचा (शाळेतल्या गटाच्या रंगाचा) टी-शर्ट, पीटीचा पांढरा ड्रेस. वागण्याने पाळायचे: शर्ट खोचणं, नखं कापणं, वेळेवर येणं. पहिल्या ढिगातल्या चुकीबद्दल मुलाला अवाक्षर बोलायचं नाही. पालकांना डायरीत लिहायचं, फोन करायचा, कामाच्या १० दिवसांची मुदत द्यायची. शिक्षा फक्त दुसऱ्या ढिगासाठी, तीही तास न बुडवता. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आहे. चारचौघांत 'घरी परवडत नाही का?' असं विचारणं छळातच मोडतं, असं माझं मत.

खडूवाला
दोन ढीग कागदावर छान दिसतात सर. सकाळी ७ ला गेटवर उभं राहून पाहा. सँडल परवडत नाही म्हणून आहे की आवडते म्हणून, हे ओळखायचं कसं? महागडे रंगीत स्पोर्ट्स शूज घालून येणारा मुलगासुद्धा 'बूट भिजलेत सर' असंच सांगतो. एकाला सोडलं की आठवड्याभरात निम्मा वर्ग रंगीत होतो, आणि मग ज्याच्याकडे रंगीत काहीच नाही तो उघडा पडतो. वाढदिवसाच्या दिवशी किंवा रंगीत कपड्यांच्या शनिवारी हा फरक लगेच दिसतो. गणवेश त्याच्यासाठीच आहे.

दुसरं, सुरक्षितता. सहलीला नाशिकच्या पांडवलेण्यावर ५० मुलं चढवली की गर्दीत आपली कोणती हे फक्त कपड्यांवरून कळतं.

छडी कायद्याने काढून घेतली, योग्यच केलं. पण तिच्या जागी काय दिलं? पूर्णवेळ समुपदेशक किती शाळांत आहे? ६० मुलांच्या वर्गात 'अवाक्षर बोलायचं नाही' म्हणणं सोपं असतं. आणि नियम फक्त मुलांनाच आहेत असंही नाही. मार्च २०२४ पासून आम्हा शिक्षकांनाही जीन्स-टी-शर्ट बंद आहे.

मेनरोडचा ड्रेसवाला
शाळा आणि दुकानदार यांचं साटंलोटं असतं काही ठिकाणी, नाकारत नाही. पण गणवेश महाग का होतो तेही ऐका. २२ ते ४२ नंबर, दोन-दोनच्या फरकाने ११ साइज. त्यात शर्ट, हाफ पँट, फुल पँट, स्कर्ट, पीटीचा सेट. हाउसचे टी-शर्ट ४ रंगांत म्हणजे तेवढेच ४४ प्रकार झाले. माल होळीच्या सुमारास सांगावा लागतो आणि विक्री जूनच्या आगेमागे काही आठवडेच. शाळेने मध्येच डिझाइन बदललं की उरलेला माल फरशी पुसायला.

सगळ्यात जास्त मारतं ते खास चौकडीचं कापड. साधं नेव्ही ब्लू सूटिंग कुठल्याही दुकानात मिळतं. शाळेचे खास चेक्स मिलकडून वेगळे विणून घ्यावे लागतात, तेही ठरावीक मीटर उचलले तरच. मग ते कापड एकाच व्यापाऱ्याकडे राहतं आणि भाव तो ठरवतो. शाळेला खरंच स्वस्त करायचं असेल तर खाली साधा गडद रंग, वर पांढरा किंवा आकाशी शर्ट, आणि शाळेची ओळख फक्त खिशावर. मोनोग्राम सुटा विकायचा, घरी चार टाके घालून लावता येईल असा, भरतकाम नको. पँटला आणि स्कर्टला आतून २ इंच दुमड ठेवायला सांगा, आणखी एक इयत्ता निघते. हाउससाठी टी-शर्टऐवजी रंगीत बॅज पुरतो. पण हे शाळा करत नाहीत, कारण चेक्समुळे शाळा 'भारी' वाटते. आणि पालकांनाही तेच हवं असतं, हे मी काउंटरवरून सांगतो.

नियमावली
दोन गोष्टी. विशिष्ट दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावलेलं आहे.

खडूवाला सर, गणवेशावरून काही शाळा देतात ती 'दाखला हातात देऊ' ही धमकी आठवीपर्यंत पोकळ आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा आली, पण काढण्यावरची बंदी तशीच आहे. नववी-दहावीत हात मोकळे, असंही समजू नका. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने १८ वर्षांखालच्या मुलाला मारणं किंवा विनाकारण मानसिक-शारीरिक त्रास होईल असं वागवणं गुन्हा आहे. वर्गात कात्री काढून मुलाचे केस कापणारे मास्तर यात सहज अडकतील.

श्रद्धेचा प्रश्न वेगळा आणि अवघड. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढणं सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवलं. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. त्यामुळे 'कायदा स्पष्ट आहे' असं छातीठोक सांगणाऱ्यावर, मग तो कोणत्याही बाजूचा असो, विश्वास ठेवू नका.

सिडकोची आई
मुलींचं कुणीच बोललं नाही. पीटीचा पांढरा ड्रेस सातवीच्या पुढच्या मुलींना ठेवणाऱ्यांनी पाळीचा विचार केलेला नसतो. पीटीच्या वारी पोट दुखतं, डोकं दुखतं, शाळा बुडते आणि मग गैरहजेरीची शिक्षा वेगळी. पांढऱ्याऐवजी नेव्ही ट्रॅक पँट ठेवली की प्रश्न मिटला. सायकलवर येणाऱ्या मुलींना सलवार किंवा पँटचा पर्याय हवाच.

स्कर्ट 'गुडघ्याखाली चार बोटं' हा नियम जूनमध्ये पाळला जातो. जानेवारीत तोच स्कर्ट आखूड झालेला असतो, कारण मुलगी वाढते. माप बाईंनीच घ्यावं, रांगेत सगळ्यांसमोर नाही. मेंदीचंही तेच. नागपंचमीची किंवा लग्नाची मेंदी उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हातावर पट्टी मारून ती लवकर जात नाही.

खडूवाला सर, नियम असा लिहा की दोन शिक्षकांनी वेगवेगळं पाहिलं तरी उत्तर एकच येईल. 'केस कानावर येऊ नयेत' चालेल. 'केशरचना शोभनीय असावी' म्हणजे ज्याला जो आवडत नाही त्याला धरा.

निफाडकर
आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो. तिथे लोगो नाही म्हणून जाकीट गेटवर काढायला लावणं याला शिस्त म्हणायचं? थंडीत गणवेशावर कोणतंही गरम कापड चालेल, एवढी एक ओळ नियमात घाला.

सरकारी शाळांची गंमत वेगळीच. दोन गणवेशांना ६०० रुपये, म्हणजे एका सेटला ३००. स्वेटर त्यात बसत नाही. २०२४-२५ ला 'एक राज्य, एक गणवेश' आलं: आकाशी शर्ट, गडद निळी पँट, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि त्याच डिसेंबरात शासनाने काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. त्या वर्षी गणवेश नाही म्हणून वर्गाबाहेर कुणाला उभं करायचं, मंत्रालयाला?

जुनी हेडबाई
कलमांनी शिक्षक घाबरतो, शहाणा होत नाही. आणि शिस्त नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. ढिलाईचा तोटा गरिबाच्या मुलालाच जास्त होतो. त्याला सावरून घ्यायला घरी शिकवणी नसते. पण कडक असणं आणि लहरी असणं यात फरक आहे.

एक वही ठेवा. रकाने पाच: तारीख, नियम क्रमांक, काय दिसलं, मुलाचं म्हणणं, काय केलं. चौथा रकाना कोरा असेल तर ती शिक्षा मुख्याध्यापकांनी मान्य करायची नाही. पायऱ्या ठरलेल्या हव्यात: पहिल्यांदा तोंडी, दुसऱ्यांदा डायरीत, तिसऱ्यांदा पालकांची भेट. पायरी गाळायची नाही, कितीही राग आला तरी. सत्र संपलं की वही उघडून मोजा. तीच तीच नावं येतात का? शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलं वर्गात जेवढी आहेत त्यापेक्षा वहीत जास्त दिसतात का? दिसली, तर दोष मुलांत शोधण्याआधी तपासणाऱ्यात शोधायचा. बहुतेक शाळा ही मोजणी करत नाहीत, कारण उत्तर काय येईल याची धास्ती असते.

आणि रोजची गेटवरची तपासणी बंद करा. ६० मुलं, प्रत्येकी १५ सेकंद, झाली १५ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासातली. आठवड्यातून एकदा, आधी न सांगता, पुरे.

खडूवाला
वही मान्य, बाई. पायऱ्याही मान्य. उशिराचं काय? गेट बंद केलं नाही तर ७.२० पर्यंत येत राहतात.

जुनी हेडबाई
बंद गेटबाहेर रस्त्यावर थांबलेल्या मुलाला काही झालं तर जबाबदारी कुणाची? आत घ्या, मागच्या बाकावर बसवा, नोंद करा. सिटीलिंकची बस चुकल्यामुळे त्या भागातली सगळीच मुलं उशिरा आली असतील तर ते वहीत लगेच दिसतं. एकटाच रोज उशिरा येत असेल तर तेही.

नियमावली
आणि उशिराचा दंड रोख घेत असाल तर कोणत्या ठरावाने ते पावतीवर लिहा. महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. मंजूर शुल्काबाहेरचे पैसे कशाच्या आधारावर घेतले, असं पालकाने विचारलं तर उत्तर तयार लागेल.

खडूवाला
दंड आम्ही घेत नाही. ठीक आहे, बूट-स्वेटरला १० दिवसांची मुदत धरू. पण स्पोर्ट्स शूजवाल्याला नाही.

गोदाकाठचा पालक
त्याला वेगळा कसा काढणार सर? गेटवर ओळखता येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मुदत दोघांना सारखी. अकराव्या दिवशी फोन दोघांच्याही घरी.

खडूवाला
आणि फोन उचललाच नाही तर?

जुनी हेडबाई
वर्गशिक्षकांच्या सहीची चिठ्ठी, पोच घेऊन. तरीही कुणी आलं नाही तर पालक-शिक्षक संघातल्या त्या भागातल्या सदस्याने घरी जाऊन यायचं. नड असेल तर शाळेच्या जुन्या बुटांच्या पेटीतून जोड द्यायचा, वर्गात नाही, ऑफिसात. तोपर्यंत मूल वर्गातच.