हेन डोमेन: लाकडी किल्ल्याची उरलेली माती

‘गवत उगवलेला उंचवटा, याला किल्ला कसं म्हणायचं?’ ही शंका कुणालाही येईल आणि ती रास्त आहे. पण असे किल्ले लाकडाचे होते, लाकूड कुजलं आणि माती तेवढी राहिली. वेल्सच्या सीमेवरचं हेन डोमेन बघा. १०७० च्या दशकात रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन (फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या) सरदाराने, सेव्हर्न नदी जिथे पायी ओलांडता येते त्या उताराजवळ ते उभारलं. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचं टेकाड रचायचं, त्यावर लाकडी बुरूज आणि पायथ्याशी तटाने वेढलेलं आवार.

पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी १९६० पासून तिथे कित्येक वर्षं उत्खनन केलं. खांबांचे खड्डे आणि मातीच्या रंगातले बारीक फरक, एवढ्यावरून कळलं की आवारात इमारतींची नुसती दाटी होती आणि त्या पुन्हापुन्हा पाडून बांधल्या होत्या. मला भावली ती वेगळीच गोष्ट: किल्ल्याच्या मातीखाली नांगरटीचे जुने वरंबे सापडले. म्हणजे किल्ला उठला तो कधीकाळी कसलेल्या शेतावर! वस्तू मात्र अगदीच साध्या मिळाल्या, सरदारी थाट वगैरे काही नाही. १२२३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने जवळच दगडी माँटगोमेरी किल्ला बांधायला घेतला आणि हेन डोमेनचं महत्त्व ओसरलं.