अनुभव धागा: नळीतला पंखा आणि आपली छोटी जेट्स

माळ्यावरचा_मारुती
सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय, त्यामुळे सध्या माळा उपसणं चालू आहे. जुन्या चादरीत गुंडाळलेलं फोमचं विमान निघालं, डेल्टा म्हणजे त्रिकोणी पंखाचं, पोटात ६४ एमएमचा डक्टेड फॅन (ईडीएफ). बायको म्हणे हे तरी टाका आता. बोटाने फिरवून बघितलं तर फिरतोय की अजून, बेअरिंग जरा कुरकुरतंय एवढंच. मग काय, बसलो तिथेच स्टुलावर. रविवारी पहाटेची लोकल, लगेजचा डबा, शेजारी माशांच्या टोपल्या आणि मी हे दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा. बोरिवली येईपर्यंत कोणीतरी विचारायचंच, खरंच उडतं का हो?

तर ज्यांनी ज्यांनी ही इलेक्ट्रिक जेट्स उडवलीत आणि मग 'थोडा अजून पॉवर पाहिजे' म्हणून त्यात हात घातलाय त्यांनी लिहा. माझी साखळी अशी: मूळ सेटअप ३एस म्हणजे तीन सेलची बॅटरी, उडायचं पण नाक वर केलं की धाप लागायची. ४एस टाकायचं ठरलं तर ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) ४० अँपिअरचा, तो बदला. नवा ईएससी जाड, तो बसेना म्हणून फोम कोरला. बॅटरी जड, नाक जड झालं, मागे सरकवावी तर मागे हवेची नळी. वजन वाढलं म्हणून हाताने फेकून जाईना, मग बंजी, म्हणजे ताणलेल्या रबरी दोरीने सोडायचं. बंजीला हूक, हुकाला प्लायवूडचा तुकडा, परत वजन! पण वर गेलं तेव्हा शेजारची क्रिकेटची मॅच थांबली होती, बॉलर रनअप सोडून वर बघत उभा.

घारगोटी
पहिला मी! आता वाचतो.

घारगोटी
वाचलं. ईडीएफ म्हणजे नक्की काय ते कोणीतरी सांगा, आम्ही पतंगवाले.

ओम_वॅट
@घारगोटी नळीत बसवलेला पंखा. पुढून हवा ओढतो मागून सोडतो, बाहेरून जेट दिसतं, आत काही जळत नाही. म्हणजे जळायला नको.

मारुती काकांच्या ४एसचं गणित कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. व्होल्टेज ११.१ वरून १४.८, बघायला तिसरा हिस्साच वाढला. पण पंख्याचे आरपीएम त्याच प्रमाणात वाढले तर थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) वर्गात वाढतो आणि पॉवर घनात. म्हणजे थ्रस्ट पावणेदोन पट, करंटही साधारण तेवढाच, पॉवर सव्वादोनच्या वर. ३० अँपिअर खाणारा फॅन ५० च्या पुढे जातो (प्रत्यक्षात बॅटरी दबते म्हणून जरा कमी). ४० चा ईएससी काय करणार बिचारा. आणि २२०० एमएएचची बॅटरी ५० अँपिअरला अडीच मिनिटं जेमतेम, २०% राखून उतरायचं तर दोनच. दोन मिनिटांसाठी पहाटे चारला उठायचं!!

भांडुपचा_भाऊ
दोन मिनिटं खूप झाली हो, आमच्याकडे पाण्याला प्रेशर पण तेवढाच वेळ असतं

फोमवाली
मी उलटं सांगते. बॅटरीला हात लावायच्या आधी नळी बघा. माझ्या पहिल्या जेटमध्ये पुढच्या तोंडाची कड चाकूने कापल्यासारखी धारदार होती. विमान उभं असताना हवा चारही बाजूंनी आत येते, धारदार कडेवर ती फाटते आणि पंख्याला गढूळ हवा मिळते. कडेला गोल ओठ हवा. मी फोमची पट्टी चिकटवून पॉलिश पेपरने घासून गोल केली, वर पातळ फेव्हिकॉलचा हात. किचनच्या काट्यावर विमान नाक खाली करून उभं करायचं, थ्रॉटल द्यायचा आणि आकडा बघायचा, एवढीच माझी लॅब. ओठ लावल्यावर आकडा सरळ वर गेला, बॅटरी तीच.

मग मागची नळी. ओएचपीची (जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक प्लास्टिक शीट गुंडाळून केली. माझ्या ६४ च्या फॅनचा हब (मधला गोल भाग) २८ एमएम, म्हणजे पात्यांचं क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेमी. मागचं तोंड त्याच्या ८५ टक्के धरलं की व्यास येतो ५३ एमएम. अजून बारीक केलं तर वेग वाढल्यासारखा वाटतो पण फेकताना जीव जातो. हे सगळं झाल्यावर मला ४एसची गरजच पडली नाही. वजन शून्य ग्रॅम वाढलं म्हटलं तरी चालेल.

ओम_वॅट
ताई दंडवत. ओएचपी शीट आता मिळते कुठे?

फोमवाली
झेरॉक्सवाल्याकडे विचारा, खालच्या कप्प्यात धूळ खात असते. नाहीतर जुना एक्सरे, कोमट पाण्यात भिजवून धुतला की साफ होतो. माझ्या सासूबाईंचा गुडघा उडून आलाय दोनदा 😂

कुलाबा_ते_कर्जत
गुडघा उडून आला 🤣🤣 मेलो

कल्याणचे_काका
तुम्ही पोरं नशीबवान. आमच्या वेळी एनसीसी एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग म्हणजे कंट्रोल लाइन. दोन तारा हातात, विमान गोल गोल, आपणही गोल गोल. डिझेलचं छोटं इंजिन, त्यात इथर, रॉकेल आणि एरंडेल. कपड्यांना तो वास इतका बसायचा की आई अंगणातच थांबवायची. बोटाने प्रोपेलर फिरवून चालू करायचं, इंजिनाने उलटी लाथ मारली की नख काळं. रेडिओ सेट तर श्रीमंतांकडे, आम्ही लांबून बघायचो. बाल्साची (हलक्या लाकडाची) पट्टी मिळाली की ती ओली करून वाकवायची, रात्रभर पुस्तकांखाली. एरंडेलाचा अजून एक उपयोग होता पण तो मुलींसमोर सांगत नाही.

कुलाबा_ते_कर्जत
काका तो उपयोग सगळ्यांना माहितेय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आजी द्यायची

दादरची_वैनी
मी उडवत नाही, माझ्या नवऱ्याने उडवलंय, म्हणजे डोकं. हॉलमध्ये विमान सोफ्याला बांधून टेस्ट. पाच पात्यांचा होता तो, आवाज म्हणजे मिक्सरमध्ये रिकामंच भांडं फिरवल्यासारखा. खालचे काका वर आले, म्हणाले वहिनी एवढी चटणी कोणासाठी. मग हा बारा पात्यांचा घेऊन आला, 'आवाज कमी आहे' म्हणून. आवाज कमी नाही, जाड आहे. पण खरं सांगायचं तर तो ऐकायला बरा वाटतो, खऱ्या जेटसारखा हूंऽऽ. काकांना सांगू नका.

आणि त्या बॅटऱ्या! एक फुगली होती उशीसारखी. तेव्हापासून गॅलरीत तुळशीपासून लांब एक मातीची कुंडी ठेवलीय, तळाला वाळू, त्यात लिपो, म्हणजे ह्याच लिथियमच्या बॅटऱ्या. चार्जिंग तिथेच, आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर पडायचं नाही हा माझा कायदा.

ओम_वॅट
वैनी कायदा बरोबर आहे. आणि पावसाळाभर ठेवायच्या असतील तर फुल चार्ज नाही, सेलला ३.८ व्होल्टवर. जून ते सप्टेंबर ४.२ वर पडून राहिल्या की दसऱ्याला फुगलेल्याच निघतात.

भांडुपचा_भाऊ
दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवा मग

घारगोटी
घारींचं काय करता? आमच्या पतंगांना त्रास नाही देत पण एकदा खाडीजवळ कोणीतरी विमान उडवत होता त्यावर दोन घारी चालून गेल्या, बघायला मजा आली.

मारुतीचा_फॅन
घारी प्रोपवाल्याशी खेळतात, ग्लायडरशी तर संसारच थाटतात. जेटच्या नादी लागत नाहीत, वेग जमत नाही त्यांना. मला घारींपेक्षा तुमच्या मांजाची भीती जास्त. संक्रांतीच्या आठवड्यात मी विमान बाहेरच काढत नाही, एकदा पंखाच्या पुढच्या कडेत असा चर गेला होता जसा ब्रेडला सुरीने.

घारगोटी
आम्ही साधा दोराच वापरतो हो 🙏

अंधेरी_ईस्ट
उडवता कुठे सगळे? माझ्या खिडकीतून खरीच विमानं दिसतात, त्यामुळे आमचा विषय संपला.

मारुतीचा_फॅन
संपलाच. विमानतळाभोवती रेड झोन म्हणजे उडवायला मनाई, शिवाय पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटवाल्या विमानांवर बंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात शहरात. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (डिझाइनची सरकारी मंजुरी) लागत नाही पण झोन सगळ्यांना सारखेच, निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा. आम्ही आधी खारघरच्या बाजूला जायचो, आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, ते पण गेलं. कर्जत-बदलापूरच्या पुढे भाताची कापणी झाली की शेतं मोकळी होतात, मालकाला विचारून. धसकटांत पोटावर उतरवायचं, फक्त खडी आणि मुरूम टाळा. ईडीएफ जमिनीवरचं सगळं आत ओढतो. एक खडा गेला की पातं तुटतं, तुटलं की तोल जातो, तोल गेला की बेअरिंग.

कल्याणचे_काका
बदलापूरला स्टेशनबाहेर वडापाव कोणता चांगला ते पण सांगा.

कुलाबा_ते_कर्जत
काका बदलापूर नाही, कर्जत. गाडी थांबली की खिडकीतूनच घ्यायचा. घाटासाठी मागे इंजिनं लागतात तोवर दुसरा पण होतो.

भांडुपचा_भाऊ
+१ कर्जत

निळी_रेघ
विषयावर येतो 😀 मिग-२१ निवृत्त झालं ना चंदीगडला, २६ सप्टेंबर २०२५ ला, ते टीव्हीवर बघितलं आणि त्याच रात्री डिझाइन काढायला बसलो. ७० एमएम, बारा पाती. अडचण अशी की मिगचं नाकातलं तोंड लहान, त्यात मध्ये तो शंकू. खऱ्या मापाने केलं तर पंख्याला श्वासच मिळत नाही. मग पोटाला खालून दोन चोर भोकं पाडली, वरून दिसत नाहीत. मित्र म्हणाला ही फसवणूक आहे, मी म्हणालो तू खालून बघू नकोस. उडतं मस्त, उतरवताना मात्र डेल्टा तो डेल्टाच, नाक वर धरून पॉवरवर आणावं लागतं आणि पॉवर तर ईडीएफ मागितल्यावर लगेच देत नाही, एक सेकंद विचार करतो. तो एक सेकंद फार मोठा असतो.

फोमवाली
+१ त्या सेकंदाला. फेरी मारून परत जायचं असेल तर थ्रॉटल आधीच उघडा. मारुत, आपलं जुनं एचएएलचं फायटर, कोणी केलंय का? दोन इंजिनं शेजारी शेजारी, ५० एमएमचे दोन फॅन बसतील असं वाटतंय.

निळी_रेघ
मारुत!! १९६१ चं उड्डाण, कुर्ट टांकचं डिझाइन, किती देखणं विमान. दोन ५० पेक्षा एक ७० घाला आणि मागे नळी दोन फाट्यांत फोडा. लहान पंखे करंट खातात त्या मानाने ढकलत नाहीत.

फोमवाली
पण फाट्यात हवा भांडते. दोनच घालणार मी. एक बंद पडला तर दुसऱ्यावर घरी.

ओम_वॅट
एकावर घरी नाही, एकावर शेजारच्या शेतात

दादरची_वैनी
ह्यांनी हा धागा वाचला, आता मारुत पाहिजे म्हणतायत. आभारी आहे तुम्हा सगळ्यांची 😡

माळ्यावरचा_मारुती
वैनी 😂 धागा जोरात, सगळ्यांचे आभार, सावकाश एकेकाला उत्तर देतो, पॅकर्सवाले आलेत. फोमवाली ताई, तो ओठ किती जाडीचा ठेवलात? आणि ६४ चं बेअरिंग मुंबईत सुटं मिळतं का, खाऱ्या हवेने गंजलंय बहुतेक.

फोमवाली
८ एमएमची पट्टी, घासून गोल. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, भिंगाने बघा आणि तो घेऊन बेअरिंगच्या होलसेल दुकानात जा. 'खेळण्याचं आहे' म्हणू नका, नाही म्हणतात. मला एकाने सहाचं पाकीट गळ्यात मारलं होतं, त्यातली तीन पडून आहेत. नंबर व्यनि करा, जुळला तर एक तुमचं.

भांडुपचा_भाऊ
आणि विमान टाकायचंच ठरलं तर मला व्यनि