रॉबर्ट ला फॉलेट यांच्या कारकिर्दीची मांडणी कुठून सुरू करावी?

प्रश्न
पुढील महिन्यात आमच्या अभ्यास मंडळात मला रॉबर्ट ला फॉलेट यांच्यावर पाऊण तास बोलायचे आहे. ते १९०१ ते १९०६ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर होते आणि नंतर १९२५ मध्ये निधन होईपर्यंत सिनेटर. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध ४ एप्रिल १९१७ रोजी मत देणाऱ्या सहा सिनेटरांपैकी ते एक होते, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी ओढ वाटू लागली. मांडणी त्या दिवसापासूनच करावी का? आधी काय वाचावे?

प्रतिसाद १
कृपया १९१७ पासून सुरुवात करू नका. श्रोत्यांना केवळ एकांडा हट्टी माणूस दिसेल. आधी विस्कॉन्सिन नीट समजून घ्या. तिथे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरत आणि अधिवेशनांवर रेल्वे कंपन्या व लाकूड उद्योगातील धनिकांचा पगडा असे. १८९६ आणि १८९८ मध्ये ला फॉलेट यांची उमेदवारी तिथेच हुकली. म्हणून गव्हर्नर झाल्यावर, उमेदवार थेट मतदारांनी निवडावेत असा कायदा व्हावा यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. विरोधी आमदारांच्या मतदारसंघांत जाऊन, कोणत्या विधेयकावर कोणी कसे मत दिले याची यादी ते भर सभेत नावानिशी वाचून दाखवत. नोव्हेंबर १९०४ मध्ये जनतेने सार्वमताने तो कायदा मंजूर केला आणि १९०५ मध्ये रेल्वे आयोगही आला. माझ्या मते यादीवाचनाचा हा प्रसंग व्याख्यानाचा कणा ठरावा, कारण १९१७ मध्ये ८२ विरुद्ध ६ अशा यादीत त्यांचे स्वतःचे नाव होते आणि तेही जनतेसमोर वाचले जाणार, हे ते पुरते जाणून होते.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. १९१३ साली पुस्तकरूपाने आलेले त्यांचे आत्मचरित्र अवश्य वाचा, परंतु ते १९१२ च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या धामधुमीत लिहिलेले असल्याने त्या उमेदवारीतील प्रतिस्पर्धी थिओडोर रूझवेल्ट यांच्याविषयीची पाने सावधपणे वाचावीत. युद्धकाळातील भाषणस्वातंत्र्यावरचे ६ ऑक्टोबर १९१७ चे सिनेटमधील भाषण मात्र मुळातूनच वाचा. तेव्हा सिनेटमधून त्यांच्या हकालपट्टीची मागणी होत होती. ते प्रकरण सिनेटने जानेवारी १९१९ मध्ये ५० विरुद्ध २१ मतांनी निकाली काढले. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीला पाच मिनिटे पुरतील: मते सुमारे ४८ लाख, जिंकलेले राज्य एकच, विस्कॉन्सिन.